‘रोमिओ आणि ज्युलिएट’ मराठीत उभं करताना : प्रकल्प नोंदी

पूर्ण लांबीचं नाटक, हौशी संच, नट १४, पडद्यामागे ६. तालमीला शाळेचं सभागृह, रोज संध्याकाळी ७ ते १०. पहिला प्रयोग ३ ऑगस्टला. कथा व्हेरोनातच ठेवली आहे, गाव आणि नावं बदललेली नाहीत. याच नाटकाला हात घालणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून बिघडलेल्या गोष्टी आकड्यांसह लिहून ठेवतो आहोत.

४ मे. संहिता कापणे

दोन जुन्या छापील प्रती समोर ठेवल्या. १५९७ ची पहिली क्वार्टो (क्वार्टो म्हणजे त्या काळची छोट्या आकाराची छापील प्रत) सुमारे २,२०० ओळींची आहे, १५९९ ची दुसरी सुमारे ३,०००. संवाद दुसरीतूनच घ्यावेत, पहिलीतले ठिकठिकाणी मोडके आहेत. पण पहिलीतल्या रंगसूचना कोणीही सोडू नयेत. ज्युलिएट जवळजवळ धावतच येऊन रोमिओला बिलगते, दाई जायला निघते आणि परत वळते, रोमिओ स्वतःला भोसकायला जातो तेव्हा दाई खंजीर हिसकावते, असल्या गोष्टी तिथे स्पष्ट लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष प्रयोग पाहिलेल्या माणसाच्या नोंदींसारख्या त्या वाटतात.

वेळेचा हिशोब असा. मूळ भाषेत तासाला साधारण १,००० ओळी होतात. पहिल्या अंकाचा कच्चा अनुवाद मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, तर मराठीला सव्वापट वेळ लागला. मध्यंतर सोडून सव्वादोन तासांत बसायचं तर मूळच्या १,८०० ओळीच हाती राहतात, म्हणजे १,२०० ओळी जाणार.

आज गेलेलं : नोकरांच्या सुरुवातीच्या बहुतेक कोट्या, दुसऱ्या अंकाआधीचं निवेदन, चौथ्या अंकातले वादक, ख्रिस्ती साधू बंधू जॉनचा प्रवेश, ज्युलिएटशी लग्न ठरलेल्या पॅरिसचा थडग्याबाहेरचा मृत्यू आणि शेवटी बंधू लॉरेन्सची कैफियत. तो ‘थोडक्यात सांगतो’ म्हणून सुरुवात करतो आणि चाळीस ओळी बोलतो.

११ मे. भाषा

सुरुवातीचं निवेदन सुनीत आहे, १४ ओळींचं. मराठी सुनीत म्हटलं की हात आपोआप शार्दूलविक्रीडित वृत्ताकडे जातो. तसं केलं आणि फसलो. एका ओळीत १९ अक्षरं, म्हणजे १४ ओळींत २६६. मूळ ओळ दहा अवयवांची (सिलॅबलची), म्हणजे सगळं मिळून १४०. कानाला भारदस्त वाटलं, पण दोन मिनिटं गेली आणि नाटक सुरूच होईना. मग १४ अक्षरांची सयमक ओळ घेतली. १९६ अक्षरं, सव्वा मिनिट. ती राहिली. या चुकीत चार संध्याकाळी गेल्या.

मेजवानीत दोघं पहिल्यांदा बोलतात तेही एकच सुनीत आहे, दोघांनी वाटून घेतलेलं. वाटणी अशी : रोमिओ ४, ज्युलिएट ४, रोमिओ १, ज्युलिएट १, रोमिओ २, ज्युलिएट १, रोमिओ १. अनुवादात ही वाटणी मोडू नये. शेवटचं यमक एकीने टाकायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं, त्यानंतरच चुंबन. आम्ही आधी गद्य केलं होतं. गद्यात ते चुंबन फार लवकर आल्यासारखं आणि आगाऊ वाटतं. यमक जुळलं की प्रेक्षक स्वतःच त्याची वाट पाहतो.

तू की तुम्ही : मेजवानीत ज्युलिएट त्याला ‘तुम्ही’ म्हणते. मूळातही ती तिथे आदरार्थीच बोलते. सज्ज्यावर आपण एकट्याच आहोत असं समजून बोलताना ती पहिल्यांदा ‘तू’वर येते, आणि तो खाली उभा असल्याचं कळल्यावरही मागे फिरत नाही. मराठीत हा बदल कानाला लगेच कळतो. हे नाटक मराठीत करण्याचं इतकं चांगलं कारण दुसरं नाही. पहिल्या मसुद्यात दोघं सुरुवातीपासून ‘तू’ म्हणत होते. सगळं पुन्हा लिहिलं.

‘रोमिओ, तू रोमिओच का?’ इथे ‘का’ वर जोर हवा. तो कुठे आहे हे ती विचारत नाही, याच घराण्यातला का म्हणून विचारते आहे. वाचनात ज्युलिएट अंधारात शोधल्यासारखी पाहत होती. तो अभिनय काढला.

रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मरताना कोटी करतो, तिच्यात ‘गंभीर’ आणि ‘थडगं’ दोन्ही एका शब्दात (ग्रेव्ह) आहेत. ‘गंभीर’ वापरलं तर अर्धीच कोटी उरते. ठरलेली ओळ : ‘उद्या माझी चौकशी करा, फार खोल माणूस झालेला असेन.’

दाईचं लांबलचक स्वगत सगळ्यात सोपं गेलं. भूकंपाला अकरा वर्षं झाली, त्याच दिवशी अंगावरचं दूध तोडलं, कडू लावून. आपल्याकडेही कडू लावूनच तोडतात, त्यामुळे एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली.

१८ मे. पहिलं वाचन, कापलेलं परत जोडणे

संचाबाहेरच्या नऊ जणांना बोलावून वाचन केलं. ज्यांना कथा ढोबळ माहीत आहे असेच निवडले. तीन कापण्या चुकल्या होत्या.

बंधू जॉन कापल्यामुळे लॉरेन्सचं पत्र रोमिओला का पोहोचलं नाही हे कोणालाच कळलं नाही. साथीच्या भीतीने पहारेकऱ्यांनी घराचे दरवाजे बंद केले आणि तो आत अडकला, एवढंच सांगायचं आहे, पण ते सांगायलाच हवं. १२ ओळींत परत आणलं.

पॅरिस जिवंत ठेवल्यामुळे राजाचं शेवटचं बोलणं कोसळलं. आपले दोन नातलग गेले असं तो म्हणतो, ते म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस. पॅरिस मेला नाही तर तो हिशोब लागत नाही, आणि राजालाही झळ लागली हे कळत नाही. परत घेतलं.

लग्नाच्या तयारीची धांदल (अंक ४, प्रवेश ४) कापली, तर ज्युलिएटचं औषध पिणं आणि सकाळी ती मृत सापडणं एकमेकांना चिकटलं. मध्ये रात्र गेलीच नाही. ‘लाकडं आणा, स्वयंपाक्यांना हाका मारा’ ही घाई आणि मागे पडद्याआड पडलेली मुलगी, यातच त्या प्रवेशाचा प्राण आहे. पूर्ण परत.

बंधू लॉरेन्सची कैफियत ४० वरून १४ ओळींवर आणली. ती पूर्णही काढता येत नाही. प्रेक्षकाला सगळं माहीत असतं, पण आईबापांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

२५ मे. पात्रवाटप

एका नटाला दोन भूमिका देताना कोण कधी मरतो ते आधी मांडावं. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट तिसऱ्या अंकात जातो, तोच पाचव्यात मँटुआचा विष विकणारा झाला. मर्क्युशिओचा नट बंधू जॉन. मर्क्युशिओ आणि राजा एकाला देऊन पाहिलं, पण मर्क्युशिओला आत नेल्यावर थोड्याच वेळात राजा रंगमंचावर हवा असतो. रक्ताचा सदरा उतरवून राजाचा झगा चढवायला दोन माणसं लावूनही ३ मिनिटं लागली. सोडून दिलं.

रोमिओचं आधीचं प्रेम रोझलिन, ती मेजवानीत दाखवावी अशी कल्पना होती. मूळात ती कधीच दिसत नाही. एक मुलगी मुखवटा लावून उभी केली, तर पाहणाऱ्यांपैकी चौघांनी तिलाच ज्युलिएट समजलं. काढली.

१ जून. सज्जा, पहिला प्रयत्न

‘बाल्कनी’ हा शब्द मूळ नाटकात कुठेही नाही. ज्युलिएट वर, खिडकीपाशी दिसते, इतकंच. तरी उंची हवीच.

८ फूट उंच, ८ बाय ४ फुटांची लेव्हल, म्हणजे उंच मंच, लोखंडी चौकोनी पाइपात करून घेतली. ४० बाय ४० मिलिमीटर, १६ गेज, पाय ६, वर १८ मिलिमीटर प्लाय. खर्च ११,४०० रुपये. तीन चुका एकदम झाल्या.

पहिली उंचीची. आमच्या नाट्यगृहात पुढची झालर १२ फुटांवर येते. पाच फूट दोन इंचांची मुलगी ८ फुटांवर उभी राहिली की डोकं १३ फूट २ इंचांवर. माडीवरच्या प्रेक्षकांना तिचा चेहरा झालरीमागे जातो. नाट्यगृह मोजून मग लेव्हल करायची, आम्ही उलट केलं.

दुसरी, तिरपे आधार नव्हते. ती कठड्याशी झुकली की सगळं दोन-तीन इंच डोलायचं. नटीच्या आवाजात भीती येते, आणि ती भीती भूमिकेची नसते.

तिसरी आवाजाची. प्लाय थेट लोखंडावर ठेवलं तर प्रत्येक पावलाला ढोल वाजतो.

८ जून. सज्जा, दुसरा प्रयत्न

पाय दोन-दोन फूट कापून लेव्हल ६ फुटांवर आणली. डोकं ११ फूट २ इंचांवर, झालरीखाली. मागच्या आणि दोन्ही बाजूंना २५ बाय २५ च्या पाइपाचे फुलीचे आधार. पुढची बाजू मोकळी ठेवली, कारण खाली पलंग यायचा आहे. त्याऐवजी पुढच्या दोन कोपऱ्यांना फूटभर लांबीच्या तिरप्या पट्ट्या. प्लायखाली जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून सतरंजी ठोकली. आवाज गेला. जादा खर्च ३,८५० रुपये आणि आठवडा गेला.

सगळे जोड १० मिलिमीटरच्या नट-बोल्टचे ठेवले, वेल्डिंग फक्त चौकटींत. एकूण २४ बोल्ट. प्लाय धरून वजन ११० किलोच्या आसपास. चार माणसं २५ मिनिटांत उभी करतात.

६ फुटांचा आणखी एक फायदा झाला. ती गुडघ्यावर बसून हात खाली सोडते, तो वर करतो, आणि मध्ये वीतभर अंतर उरतं. ८ फुटांवर ते अंतर इतकं होतं की हात पुढे करण्यातच अर्थ नव्हता. बोटं टेकवायची नाहीत असं ठरवलं.

१५ जून. तलवारी

अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या सहा तलवारी ४,२०० रुपयांत करून घेतल्या होत्या. तिसऱ्या तालमीत कडांना खाचे पडले, खाच्यांना करवतीसारखे दात आले, एकाचा तळहात फाटला, दोन टाके. सगळ्या बाद. बांबूवर चंदेरी रंग मारून पाहिला, पण आवाज लाठीचा येतो आणि प्रेक्षक हसतो.

शेवटी तलवारबाजीच्या खेळातली एपीची पाती घेतली. खेळातली पूर्ण एपी ११० सेंटिमीटरपर्यंत आणि ७७० ग्रॅमच्या आत असते, पातं ९० सेंटिमीटर. पोलाद लवचिक, आवाज खरा. वापरलेली सहा पाती, मुठी इथे करून घेतल्या, एकूण १०,८०० रुपये. टोक घासून गोल केलं, वर रबरी टोपी, तिच्यावर करडा रंग. प्रत्येक तालमीआधी पातं कापडाने पुसून केसाएवढी चीर आहे का ते पाहायचं. लवचिक पातं तुटलं तर तुटलेलं टोक सुईसारखं असतं. एक पातं याच तपासणीत बाजूला काढलं.

अंगठ्याचा प्रश्न : सुरुवातीला नोकर अंगठा चावून अपमान करतो. त्याजागी ठेंगा दाखवून पाहिला. हशा आला, पण पोरांच्या भांडणाचा, आणि त्यानंतर उपसलेल्या तलवारी खोट्या वाटल्या. मूळ हावभाव ठेवला. अंगठ्याचं नख वरच्या दातांमागे अडकवून झटक्यात पुढे काढायचं. अर्थ समोरच्या दोघांच्या तोंडावर दिसला की पुरतो.

२२ जून. अंक ३, प्रवेश १

सगळं नाटक या प्रवेशावर वळतं आणि सगळ्यात जास्त तालमी, म्हणजे अकरा, इथेच लागल्या.

पहिल्या क्वार्टोत सूचना आहे की टिबाल्ट रोमिओच्या हाताखालून मर्क्युशिओला भोसकतो आणि पळतो. आम्ही रोमिओला दोघांच्या मध्ये प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं होतं. वार झाकला गेला, पण हातही झाकला गेला. रोमिओ मध्ये पडला म्हणून मर्क्युशिओ मेला, हे दिसलंच नाही.

दुरुस्ती : रोमिओ मध्यभागी, कडेने दिसेल असा, प्रेक्षकांकडचा हात मर्क्युशिओच्या छातीवर आडवा, दुसरा टिबाल्टकडे. टिबाल्टचं पातं मागच्या बाजूने, त्या हाताखालून, मर्क्युशिओच्या शरीराच्या पलीकडे एक वीत बाहेरून जातं. मर्क्युशिओ तिथेच कोपर दाबून पातं धरल्यासारखं करतो. एक क्षण तिघंही थांबतात. मग टिबाल्ट पातं ओढून पळतो.

वेग वाढवायची पद्धत : चार दिवस पाव वेगाने, तीन दिवस अर्ध्या, मग पाऊण. पूर्ण वेग कधीच नाही. प्रत्येक वाराआधी नजरानजर, नजर मिळाली नाही तर वार करायचा नाही. प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी तिन्ही मारामाऱ्या एकदा अर्ध्या वेगाने कराव्याच लागतात, मेकअपला कितीही उशीर झाला असो.

२९ जून. पलंग आणि थडगं

पलंग वेगळा आणि थडग्याचा चौथरा वेगळा असं नेपथ्य केलं होतं. औषध पिण्याच्या प्रवेशानंतर पलंग आत न्यायचा, धांदलीच्या प्रवेशानंतर परत आणायचा, मग थडगं. तीन बदल, मिळून साडेचार मिनिटं अंधार. नाटक प्रत्येक वेळी थंड पडलं.

इथे पुन्हा पहिली क्वार्टो कामी आली. ज्युलिएट औषध पिऊन पडद्यांच्या आत पलंगावर पडते, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे पलंग हलवायचाच नाही. सज्ज्याखाली ६ बाय ३ फुटांचा, दीड फूट उंच चौथरा कायम ठेवला, पुढे तारेवर सरकणारा पडदा. ती आत पडते, पडदा ओढला जातो, पुढच्या आठ फुटांत लग्नाची धांदल चालते, मग दाई पडदा सारते. थडग्यासाठी फक्त चादर काढायची, खाली करड्या दगडाचा रंग दिलेली फळी आधीच आहे. बदलाला ११ सेकंद.

वेगळा चौथरा ५,६०० रुपयांना केला होता. आता त्यावर तालमीत चहाचं सामान ठेवतो.

चौथऱ्याची डोक्याची बाजू ४ इंच उचलली. सपाट ठेवला तर खालच्या रांगांना फक्त नाकाचं टोक दिसतं.

६ जुलै. दोरशिडी आणि उतरणं

१६ मिलिमीटरचा सुती दोर, सागाच्या ५ पायऱ्या, अकरा इंचांचं अंतर. रोमिओ उतरायला लागला की शिडी गरकन फिरायची. खालच्या पायरीला दोन किलोचं शिसं बांधलं, थोडाच फरक पडला. खरा उपाय असा : खालच्या टोकाला दोन कड्या आणि लेव्हलच्या पायाला दोन हूक. खाली टाकलेली शिडी दाई जाता जाता अडकवून जाते, प्रेक्षकांना कळत नाही. वरचे हूक कठड्याला लावायचे नाहीत, चौकटीला लावायचे. कठडा माणसाच्या भाराचा नसतो. कठड्याचा दोन फुटांचा भाग बिजागरीवर उघडता केला, नाहीतर नटाला ६ फुटांवर कठड्यावरून पाय टाकावा लागतो.

पुढची अडचण मोठी होती. रोमिओ खाली जातो तेव्हा ज्युलिएट वर असते आणि लगेच आई येते. आई वर चढवली तर चार बाय आठ फुटांत बापाचा थयथयाट बसत नाही. पहिली क्वार्टो सांगते : ती खिडकीतून खाली उतरते. मागच्या जिन्याने उतरायला तिला ९ सेकंद लागतात, घोळदार झग्यात १४. त्यात तिची दैवाला उद्देशून असलेली ओळ आणि आईची हाक बसते. झगा पुढून तीन इंच आखूड केला, जिन्याला काळ्या रंगावर पांढऱ्या टेपच्या कडा लावल्या. आता ११ सेकंद.

१३ जुलै. कुप्या, खंजीर, रक्त

दोन कुप्या लागतात : लॉरेन्सचं औषध आणि मँटुआत चाळीस मोहरांना घेतलेलं विष. दोन्ही सारख्या असल्या तर प्रेक्षक गोंधळतो. औषधाची लांब मानेची, हिरवी. विषाची बुटकी, तपकिरी. दोन्ही प्लॅस्टिकच्या, रंगमंचावर काच नको. बुचाला मेणबत्तीचं मेण चोळायचं. कोरडं बूच तालमीत तीनदा अडकलं.

खंजीर : दाबला की पातं मुठीत जाणारा आणला होता, ६५० रुपये. पाचव्या वेळी स्प्रिंग अडकली आणि मुलीच्या बरगडीवर वळ उठला. वापरू नये. बोथट लाकडी पातं, चंदेरी मुलामा, वार शरीराच्या मागच्या बाजूने आणि देह पुढे वाकवून.

म्यानाकडे लक्ष द्या. ज्युलिएट रोमिओचाच खंजीर घेते, आणि तिचा बाप नंतर म्हणतो की म्यान मोंटेग्यूच्या (म्हणजे रोमिओच्या) पाठीशी रिकामं आहे आणि पातं माझ्या मुलीच्या छातीत. म्हणून म्यान कंबरेला मागे बांधायला हवं. रोमिओ उताणा पडला तर खंजीर त्याच्या अंगाखाली जातो आणि तिला तो उपसताच येत नाही. डाव्या कुशीवर, पाठ तिच्याकडे करून पडायचं.

रक्त : लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम, पाणी ५० मिलिलिटर, लाल खाद्यरंग १ चमचा, कोको पावडर अर्धा चमचा. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं गुलाबी दिसतं. पण हे कापडातून जात नाही, दोन सदरे गेले. कपड्यावर येणाऱ्या रक्तात ग्लुकोजऐवजी पातळ हँडवॉश घेतला, तो धुण्याबरोबर निघतो. तो तोंडात जाऊ द्यायचा नाही. बोळा रक्तात भिजवून भोकं पाडलेल्या छोट्या पिशवीत, सदऱ्याआत डाव्या बरगडीवर. मर्क्युशिओ आधी ‘ओरखडा आहे’ म्हणतो, तेव्हा पिशवी दाबायची नाही. घराण्यांना शाप देतो तेव्हा हात बाजूला करायचा.

२० जुलै. कपडे, प्रकाश, दिवसांचा हिशोब

कॅप्युलेट (ज्युलिएटचं घराणं) तांबडे, मोंटेग्यू (रोमिओचं) निळे असे खादीचे कपडे शिवले. निळ्या प्रकाशात तांबडं काळं दिसतं आणि निळं करडं. रात्रीच्या प्रवेशांत घराणी ओळखू येईनात. कपडे परत शिवण्याइतके पैसे नव्हते, म्हणून आकार बदलला : कॅप्युलेटना उभी गळपट्टी, मोंटेग्यूंना उघडा गळा. १,९०० रुपये. हे आधी सुचायला हवं होतं.

गडद निळ्या ११९ नंबरच्या जिलेटिनमध्ये (दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदात) चेहरे बुडाले. १६१ घेतला, त्यात थोडा बिनरंगी प्रकाश कडेने. हे नाटक मुळात दिवसाउजेडी व्हायचं, रात्र शब्दांनी आणि हातातल्या मशालींनी सांगितलेली आहे. त्यामुळे अंधार पाडायची धडपड नको.

पहाटेचा वियोग : चार मिनिटांत उजेड वाढवत न्यायचा. प्रकाश कमी-जास्त करणारा जुना डिमर २० टक्क्यांखाली लुकलुकतो. २५ पासून सुरू केलं.

प्रत्येक प्रवेशाला वार लिहिला, नाहीतर प्रकाशवाले आणि नट वेगवेगळ्या दिवसांत असतात. रविवारी सकाळी भांडण, रात्री मेजवानी आणि सज्जा. सोमवारी लग्न, दोन खून, हद्दपारी. मंगळवारी पहाटे वियोग, रात्री औषध. पॅरिसशी लग्न गुरुवारी ठरतं आणि बाप ते बुधवारवर आणतो. अनुवादात हा बदल गाळला गेला होता, तो घातला. औषध ४२ तासांचं आहे, म्हणजे जाग गुरुवारी रात्री. या नाटकाचा आधार असलेल्या आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या कवितेत हीच कथा काही महिने चालते. इथे पाच दिवस, म्हणून कुठलाही नट सावकाश चालत आत येऊ शकत नाही.

२७ जुलै. पहिला सलग रनथ्रू

२ तास ३१ मिनिटं. १६ मिनिटं जास्त. संवाद तोडायच्या आधी अंधार मोजले : १९ बदल, प्रत्येकी सरासरी २५ सेकंद, म्हणजे आठ मिनिटं. सगळे ब्लॅकआउट काढले, फक्त मध्यंतराचा आणि शेवटचा ठेवला. आधीचा नट विंगेकडे वळला की पुढच्याची पहिली ओळ सुरू. मंगळवारी पुन्हा : २ तास १८. प्रेताभोवतीच्या विलापातून आठ ओळी काढल्या. २ तास १६ वर थांबलो. मध्यंतर रोमिओच्या हद्दपारीवर.

१ ऑगस्ट. रंगीत तालीम

थडग्यात धूर सोडायचा हट्ट होता, यंत्राचं भाडं १,५०० रुपये. ज्युलिएट रोमिओच्या आधीपासून निपचित पडलेली असते, आठ मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तिला खोकला आला. धूर थंड होऊन खाली बसतो आणि चौथऱ्यावर नाक तिथेच असतं. रद्द. त्याऐवजी डाव्या विंगेतून जमिनीलगत एकच आडवा झोत.

श्वास दिसू नये म्हणून छातीवर हात ठेवले होते, ते उलट हलताना जास्त दिसतात. हात कडेला आणि पोटावर जाड कफनीची घडी. ती पोटाने सावकाश श्वास घेते.

३ ऑगस्ट. प्रयोग १

वेळ २ तास १९. शिडी, पाती, पडदा नीट चालले. ‘खोल माणूस’ला आधी हशा आला आणि मग शांतता पसरली, हव्या त्या क्रमाने.

बिघाड : रोमिओ उजव्या कुशीवर पडला, म्यान चौथऱ्याच्या बाजूला दबलं. खंजीर काढायला तिला सहा-सात सेकंद चाचपावं लागलं, आणि बापाने म्यानाची ओळ सोडून दिली कारण म्यान दिसतच नव्हतं. पावसाने पुढच्या फळ्या ओलसर होत्या, पहिल्या मारामारीत एकजण घसरला. पाण्याची बादली आणि कोरडी फडकी विंगेत नव्हती.

१० ऑगस्ट. प्रयोग २

चौथऱ्याच्या पायथ्याशी रोमिओच्या डाव्या खांद्याच्या जागी काळ्या फळीवर करड्या टेपची छोटी खूण केली. तो तिच्यावर पडला. खंजीर दोन सेकंदांत निघाला, म्यानाची ओळ परत आली.

सर्वांच्या बुटांना खाली रबरी तळवे लावून घेतले, जोडी १२० रुपये.

आजवरचा खर्च १,१२,६०० रुपये, ठरवल्यापेक्षा १२,६०० जास्त. त्यातले १२,९५० फुकट गेले : वेगळा चौथरा, अॅल्युमिनियमच्या तलवारी, स्प्रिंगचा खंजीर, धुराचं यंत्र, गडद जिलेटिन आणि शार्दूलविक्रीडितातलं निवेदन छापलेल्या पत्रिका.

सोडवताना २४ पैकी २ बोल्ट कमी भरले. पुढचा प्रयोग २४ तारखेला. तोवर बोल्टचा डबा सज्ज्याच्या मागच्या पायाला साखळीने बांधायचा, आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा.